आभाळासाठी राखलेला डोळा

आमचे घरमालक उजव्या डोळ्याने आंधळे आहेत, असं मी पहिले सात महिने समजत होतो. तसं समजायला कारण होतं. त्या डोळ्यावर काळ्या रेक्झिनची पट्टी असे. आतून मऊ फडकं शिवलेलं, मागे इलॅस्टिक. रानात, देवळात, लग्नात, मतदानाच्या रांगेत, कुठेही ती उतरलेली मी पाहिली नाही. डोळा कशाने गेला, हे भाडेकरूने विचारू नये म्हणून मी विचारलं नाही.

नाशिकला मखमलाबाद रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांचं अर्धा एकर रान उरलं होतं. तिन्ही बाजूंनी इमारती, मध्ये झेंडू, शेवंती आणि कडेला मेथी-कोथिंबिरीचे वाफे. रानाच्या टोकाला दुमजली घर. खाली ते आणि काकू, वर आम्ही नवराबायको. सगळे त्यांना नाना म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

एका पहाटे साडेचारला टाकी भरली का बघायला मी उठलो, तर मोटर बंद होती आणि रानात कुणीतरी बसलं होतं. चोर समजून मी मोबाइलची बॅटरी लावून खाली गेलो. झेंडूच्या दोन ओळींमध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर नाना बसले होते. समोर लाकडी ठोकळ्यांवर तिरका टेकवलेला पाण्याच्या लाइनचा जाड पाइप. त्यांनी पट्टी कपाळावर सरकवली होती आणि आंधळा डोळा पाइपाच्या कडेला लावला होता.

"नाना, तुमचा तो डोळा..."

"बॅटरी! बॅटरी विझवा आधी!" त्यांनी तळहात डोळ्यावर दाबला. "गेला माझा अर्धा तास. बसा आता इथंच. तुम्ही घालवला, तुम्ही भरा."

मी अंधारात अर्धा तास बसलो. एवढ्या वेळात मला कळलं ते असं: पाइप म्हणजे दुर्बीण आहे, आत सहा इंची आरसा आहे, तो त्यांनी तरुणपणी एका शिबिरात काचेवर काच घासून स्वतः तयार केला आहे. ते सत्तावीस वर्षं धूमकेतू बघत आहेत. आणि उजवा डोळा ठणठणीत आहे. दिवसाच्या उजेडाने तो खराब होऊ नये, म्हणून झाकलेला असतो.

"डावा डोळा बाजारासाठी," ते म्हणाले, "उजवा आभाळासाठी."

मी अंबडच्या एका कारखान्यात मापं तपासायचं काम करतो. हिशेबात न बसणारी गोष्ट मला सोडवत नाही. दुसऱ्या दिवशी मी वाचून आलो आणि त्यांना सांगितलं, की डोळ्याला अंधाराची सवय व्हायला अर्धा-पाऊण तास पुरतो, दिवसभर पट्टी बांधायची गरज नाही.

"पुरतो ना. मला बी म्हाईत हे," नाना म्हणाले. "पण बाकीचे तेवीस तास डोळा खर्चायचा कशाला?"



काकूंना या पट्टीचा राग नव्हता, पण त्या बोलायच्या मात्र. "लग्नाला इतकी वर्षं झाली," त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "ह्या डोळ्यानं माझ्याकडं दिवसाउजेडी पाह्यलं नाय ह्या माणसानं. रातचं पाह्यलं असंल तर मला अंधारात काय दिसतंय!" गणेशवाडीच्या फुलबाजारात गिऱ्हाइकं चेष्टा करत, "नाना, एक डोळा झाकून वजन करता, झाकाझाक तर नाय ना?" नाना गंभीरपणे चार फुलं जास्त टाकत आणि म्हणत, "उघडा हाय तो तुमच्याकडंच बघतोय."

धूमकेतूंची परदेशी नावं त्यांना आवडत नसत. रानात त्या वेळी जे उभं असेल, त्यावरून त्यांनी नावं ठेवलेली. कोथिंबिरीचा, गुलछडीचा, दुसऱ्या तोड्याच्या झेंडूचा. त्यांच्या आई धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत आणि ते दिसलं की दार लावून घेत. नाना म्हणत, "आई दार लावायची म्हणून तर मी बाहेर आलो."

मला त्यांनी धूमकेतू बघायला शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. मी भिंगाला डोळा लावला. काळं आभाळ आणि बारा-पंधरा तारे.

"काही नाही."

"सरळ बघताय. सरळ बघितलं की तो जातो. त्याच्या शेजारच्या ताऱ्याकडं बघा आन् ध्यान त्याच्यावर ठेवा. पाव्हण्यांत बायको बघायला गेलेल्या पोरानं बघावं तसं."

मी शेजारी बघितलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात काचेवर श्वास सोडल्यासारखा एक फिकट डाग उमटला. त्याच्याकडे बघायला गेलो की नाहीसा. पुन्हा बाजूला बघितलं की हजर. मंद उजेड डोळ्याच्या मधल्या भागाला दिसत नाही, कडेच्या भागाला दिसतो. ही रीत सगळे निरीक्षक वापरतात. नाना सत्तावीस वर्षं वापरत होते. पाइप लावायचा तो डाव्या डोळ्याने, आणि नेम बसला की उजवा डोळा उघडून कडेने बघायचं.

मग नोंद. जवळच्या एखाद्या ताऱ्याची चमक किती, हे आधीच ठरलेलं असतं. त्या ताऱ्याचा फोकस बिघडवून तो धूमकेतूएवढा पसरवायचा आणि दोघांत उजळ कोण हे ठरवायचं. त्यातून चमकेचा आकडा येतो. तो वहीत पहिल्या रकान्यात. दुसऱ्यात धूमकेतूची रुंदी. तिसऱ्या रकान्याला नाना 'मध्य' म्हणत. मध्य शून्य म्हणजे कापसासारखा सगळीकडे सारखा पसरलेला, मध्य नऊ म्हणजे आत ताऱ्यासारखं टिंब. हे टिंब तेवढं उजळ असतं, ते बघायला मात्र क्षणभर सरळ बघावं लागतं.

वहीच्या बाबतीत त्यांचा एक नेम होता, आणि तो मी पहिल्याच वर्षी मोडला. पेपरात एका धूमकेतूची बातमी होती. फुलं भरलेली पाटी टेम्पोत ठेवत असलेल्या नानांना मी उत्साहाने सांगितलं, की जगातल्या निरीक्षकांना सध्या तो इतक्या इतक्या चमकेचा दिसतोय. त्यांनी पाटी खाली ठेवली.

"आकडा सांगितला?"

"हो, म्हणजे तुम्हाला उपयोग..."

"आता मला तोच दिसंल. जलमभर तोच दिसंल."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलत आहेत. चार दिवसांनी वही बघितली तर त्या धूमकेतूच्या नावापुढे आडवी रेघ होती आणि लिहिलं होतं: 'रद्द. वरच्या साहेबांनी आकडा सांगितला.' वरचे साहेब म्हणजे मी. तो धूमकेतू पुढे पाच आठवडे दिसत होता. नानांनी त्याची एकही नोंद केली नाही. एका वाक्यासाठी पाच आठवडे! मी हादरलो. मग विचार केला तेव्हा पटलं. आमच्या कारखान्यातही तपासणाऱ्याला आधीच्या पाळीचं माप दाखवत नाहीत. दाखवलं तर त्याचं माप तिकडे झुकतं. तेव्हापासून माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला, आणि मी तो नेम त्यांच्याइतकाच कडक पाळू लागलो.

नोंदी परदेशातल्या एका संग्रहाकडे पाठवायच्या असत. पूर्वी नाना पोस्टाने पाठवत. पुढे ते काम कॉम्प्युटरवर गेलं आणि नानांनी ते माझ्याकडे दिलं. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी खालच्या ओट्यावर बसून मी वहीतले आकडे फॉर्ममध्ये भरायचो. फॉर्म भरला की त्याच धूमकेतूच्या दुसऱ्यांनी पाठवलेल्या नोंदी पडद्यावर दिसत. मी पडदा माझ्याकडे वळवून घ्यायचो. नाना तोवर तोंड फिरवून झेंडूकडे बघत बसायचे.

माझ्या वास्तव्याच्या चौथ्या वर्षी, दिवाळीच्या आसपास, मला पहिल्यांदा खटकलं. बाकीच्यांनी एका धूमकेतूला मध्य पाच-सहा दिला होता. नानांचा दोन. चमक मात्र सगळ्यांशी जुळत होती. मी म्हटलं, दुर्बीण वेगळी, आभाळ वेगळं. पुढच्या धूमकेतूला बाकीच्यांचा चार, नानांचा एक. तिसऱ्याला सात, नानांचा दोन. मी जुन्या वह्या काढून बघितल्या. आधीच्या वर्षांत नानांचा मध्य कधी तीन, कधी सात, एकदा आठ. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर एकदाही दोनच्या वर नाही.

नानांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यांची त्यावर तक्रार होती. "पहिल्यासारखे धूमकेतू राह्यले नाय, साहेब. हायब्रीड झाले. ह्या झेंडूसारखंच, वरनं फुगीर, आत पोकळ." मी हसलो.

माझ्या धंद्यातला पहिला धडा असा आहे, की सगळेच नग एका बाजूला चुकायला लागले तर नग बघत बसायचं नाही, मापाचं हत्यार बघायचं. हा धडा मी नव्या पोरांना शिकवतो. तो मला त्या ओट्यावर आठवला नाही असं नाही. चांगला आठवला. एकदा मी तोंड उघडलंही होतं.

"नाना, मध्याबद्दल एक आकडा तुम्हाला..."

त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्याने 'रामकृष्ण हरी' म्हणायला लागले. काकू आतून ओरडल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि मी सांगायचा प्रयत्न केला, अशी स्वतःच्या मनात नोंद करून मोकळा झालो.

त्या दिवाळीपासून अकरा महिने गेले.

शेवंतीला काठ्या लावताना बांबूची कामटी नानांच्या डाव्या डोळ्याला लागली. गल्लीतल्या डॉक्टरने मलम घालून डोळा दोन दिवस बांधून ठेवायला सांगितला. डावा बांधला म्हणजे उजवा उघडणं आलं. रविवार होता, सकाळचे दहा. मी वही घेऊन ओट्यावर बसलो होतो. काकू चहा घेऊन आल्या.

"काढा आता ती पट्टी," त्या म्हणाल्या. "का मी हाताला धरून फिरवू?"

नानांनी पट्टी काढली. उन्हाने डोळा मिचकावला, हसले. मग चहा घ्यायला काकूंकडे वळले आणि हात तसाच राहिला.

"आगं, तुझं तोंड कुठंय?"

"पुरे झाली गंमत."

"गंमत नाय. केस दिसतात. कानातलं दिसतं. पदर दिसतो. मधी काहीच नाय."

काकूंनी कप खाली ठेवला. नानांनी नजर त्यांच्या खांद्याकडे नेली. "आत्ता दिसलं. आता दिसतंय तोंड." पुन्हा सरळ बघितलं. "गेलं. बघाय गेलो की जातंय."

काकू त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. "मी इथंच हाय की हो. इथंच हाय ना. नीट बघा."

"नीटच बघतोय."

मला धक्का बसला, पण काकूंना बसला तसा नव्हे. त्यांना काहीच कळत नव्हतं आणि मला त्या एका क्षणात सगळं कळलं होतं. उजव्या डोळ्याचा मधला भाग गेला होता. दिवसा तो डोळा बंद, आणि रात्री त्याने कडेनेच बघायचं. कडेने बघायला मधला भाग लागत नाही. जगातल्या कुठल्याही माणसाला पेपर वाचताना, मिरची निवडताना हे चार दिवसांत कळलं असतं. नानांना ते कळायची सोयच नव्हती. फक्त तिसरा रकाना सांगत होता.

"साहेब," नाना शांतपणे म्हणाले, "मध्याचे आकडे वाचा बरं. पावसाळ्यानंतरचे. मागल्या पावसाळ्यानंतरचे."

मी वाचले. दोन, एक, दोन, दोन, एक, एक, शून्य, एक. त्यांनी मला मध्येच हाताने थांबवलं.

"म्हंजे हायब्रीड ते नव्हते."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही तिघे मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पडद्याचे फोटो काढले. डोळ्यामागच्या पडद्याच्या मधोमध नको त्या रक्तवाहिन्या वाढून गळल्या होत्या आणि आता तिथे व्रण धरला होता. कडेची नजर राहील, मधली येणार नाही. डावा डोळा आज चांगला आहे, पण त्याला जपलं पाहिजे.

"लवकर आला असता तर इंजेक्शनं देता आली असती," डॉक्टर म्हणाले. "बरेचदा थांबतं."

"लवकर म्हणजे किती?" हे मी विचारलं.

"दहा-बारा महिने आधी."

परतीच्या रिक्षात नाना एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये काकू. द्वारकेच्या चौकात आम्ही अडकलो. पुढे ट्रक, मागे बस, सगळे हॉर्न वाजवत होते. मी त्या गोंगाटात बोललो, कारण शांततेत बोलायची माझी हिंमत नव्हती.

"नाना, मला आकड्यांवरून माहीत होतं. बाकीच्यांचा मध्य पाच-सहा, तुमचा दोन."

"कधीपासनं?"

"मागच्या दिवाळीपासून. अकरा महिने."

रिक्षा दहा फूट पुढे सरकून थांबली.

"सांगितलं नाय ते बरोबर केलं," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तिथनं पुढं मी तुमचाच आकडा बघितला असता."

त्यांनी मला शिवी दिली असती, रिक्षातून उतरवलं असतं, तर ते मला समजलं असतं. पण ते मनापासून बोलत होते. काकू समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत होत्या.

संध्याकाळी नानांनी मला खाली बोलावलं. त्या पावसाळ्यापासूनच्या नोंदी मोजायला सांगितल्या. एकसष्ट भरल्या.

"सगळ्या मागं घ्या."

"नाना, चमक बरोबर आहे. सगळ्यांशी जुळते. फक्त मध्य चुकलाय. तेवढाच मागे घेऊ."

"एका रकान्यात साक्षीदार खोटा निघाला, तर दुसऱ्यात त्याचं कोण ऐकणार? लिवा."

मी इंग्रजीत लिहीत होतो, ते मराठीत सांगत होते. "लिवा, निरीक्षकाचा डोळा खराब झाला होता. निरीक्षकाला कळलं नाय. एकसष्ट नोंदी काढून टाकाव्यात." थोडं थांबून ते म्हणाले, "दुर्बीण चांगली हाय, हे बी लिवा."

मी तेही लिहिलं. पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डाव्या डोळ्याची पट्टी सुटली. त्यांनी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'डावा. नोंद क्रमांक एक पासून.' वय त्रेसष्ट. मी बघतच राहिलो.

त्याच आठवड्यात गुरुवारी काकू वर आल्या. चार वर्षं दहा महिन्यांत त्या पहिल्यांदा वर आल्या होत्या, कारण गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नसे. दारातच उभ्या राहिल्या. माझ्या बायकोने खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. त्या बसल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही.

"साहेब, तुमचं काय चुकलं नाय, असं हे म्हणतात," त्या म्हणाल्या. "आकडा कानावर पडू द्यायचा नाय हा त्यांचा नेम हाय, आन् तुम्ही तो पाळला. खरं हाय. मला त्यातलं कळत नाय. पण मला सांगायला तुम्हाला कोणी मना केलं होतं?"



"मी कुठं दुर्बीण लावते, साहेब? मला सांगितलं असतं, यांच्या डोळ्याचं काहीतरी हाय, डॉक्टरकडं न्या. मी नेलं असतं. कसंबी, काहीबी सांगून नेलं असतं. यांना काही कळू दिलं नसतं."

"काकू, माझ्या लक्षात..."

"दुसरीकडं खोली बघा. गडबड नाय. महिनाभरात बघा."

त्या कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरल्या. माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हणालो, हे मला खरंच सुचलं नव्हतं. तिने मान फिरवली.

महिनाभरात आम्ही नाशिकरोडकडे राहायला गेलो. सामान टेम्पोत भरताना नानांनी आरशासारखी पुसलेली दुर्बीण रानात लावून ठेवली होती, मला दाखवायला. काकू बाहेर आल्या नाहीत.

मी नेम पाळला की चूक केली, असं लोक विचारतात तेव्हा मी नानांचं वाक्य सांगतो. काकूंचं सांगत नाही. काकू रोज सकाळी सव्वासहाला जिन्याच्या शेवटच्या पायरीशी गोणपाट पसरून फुलं निवडत बसायच्या. मी कारखान्याच्या बससाठी त्याच वेळी निघायचो. त्या पाय आखडून घ्यायच्या, "सावकाश जा, साहेब," म्हणायच्या आणि मी त्यांच्यासमोरून जायचो. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरले तर अकरा महिन्यांत दोनशे पंचाहत्तर वेळा.